साडेनऊ वेढ्यांची सुतळी

मी सुतळी बोलतेय. जन्म कारखान्यातला, नोकरी बेकरीतली. केकचे खोके बांधायचे आणि कुणाच्या तरी घरी कात्रीखाली मरायचं, एवढंच आमच्या कुळाच्या नशिबी. माझं नशीब मात्र एका शनिवारी दुपारी उघडलं.

शनिवारी बेकरीत एक निवृत्त मास्तर चहा पितापिता आकाशाच्या गप्पा मारायचे. पन्नासहून जास्त वर्षांनी माणसं पुन्हा चंद्राला वळसा घालायला निघणार होती, म्हणून बाकं भरलेली. जाणाऱ्या चौघांत शेजारी शिवणकाम करणाऱ्या मावशींची लेक होती. मावशी मात्र कोपऱ्यात पाठ करून कुणाच्या तरी पँटला हातशिलाई घालत बसायच्या.

"आकडे नका हो सांगू मास्तर, रात्री झोप लागत नाही मग," मावशी म्हणाल्या.

"बरं, आकडे नाहीत. हा फुटबॉल म्हणजे पृथ्वी, हे लिंबू म्हणजे चंद्र. ठेवा पाहू, किती लांब असेल?"

मावशींनी लिंबू वीतभर अंतरावर ठेवलं. आईच ती, लांब कशाला ठेवेल? मास्तर हसले नाहीत. त्यांनी मला फुटबॉलभोवती साडेनऊ वेळा गुंडाळून कापलं आणि उलगडत नेलं. टेबलं संपली, काउंटर संपला, दार आलं तेव्हा कुठे मी संपले.

मावशी लिंबू धरून उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. "अगं बाई! एवढ्या लांब?" मग हळूच, "आणि परत यायला?"

"यायलाही तेवढंच."

"मग यायचे वेढे मी घालणार."

लेक यानात बसून निघाली. यान चंद्रामागे शिरलं आणि बेकरीतल्या टीव्हीवरचे आवाज बंद पडले. चाळीसेक मिनिटं असंच असणार, हे मास्तरांनी आधीच सांगितलं होतं. सांगितलं म्हणून काय झालं! मावशींनी माझं टोक मुठीत असं आवळलं की मी घामाने भिजले. त्या शांततेत मला वाटू लागलं, मी खरंच तिथवर पोचलेय आणि पलीकडून कुणीतरी मला हलकेच ओढतंय.

"ऐकू येतंय का?" टीव्हीतून लेकीचा आवाज आला.

"येतंय गं," मावशी म्हणाल्या, जशी काही ती आतल्या खोलीतूनच विचारत होती.

परतीच्या दिवसांत मावशी रोज येऊन मला फुटबॉलभोवती गुंडाळत. यान समुद्रात उतरलं, सगळे नाचले. मावशींनी मात्र नऊवर हात थांबवला. "अर्धा राहू दे."

महिन्याने लेक त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. लिंबू तोवर सुकून खडखडीत झालेलं. मावशींनी माझं टोक तिच्या हातात दिलं आणि उरलेला अर्धा वेढा घातला. माझ्यापाठोपाठ तिचा हात आला, हातापाठोपाठ ती आली.

"आता आलीस," मावशी म्हणाल्या, आणि मग पोटभर रडल्या.

हल्ली मी बेकरीतल्या खिळ्याला लटकलेली असते, जरा विरलेय. बेकरीवाल्यांना एकच विनवणी आहे. खोके बांधायची सुतळी संपली तरी माझ्यातली बोटभरही कापू नका. पुढच्या खेपेला कुणाची तरी आई या उंबऱ्यावर उभी राहील, तिला मी पुरायला हवी.