दोघी बहिणींची दोरी

मी कपडे वाळत घालायची दोरी बोलतेय. आठ हात लांब, निळी, दोन्ही टोकांना लोखंडी आकडे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण मी पडले नायलॉनची. पीळ आहे, तोरा नाही.

माझी उमर गेली दोन बहिणींच्या शिवणाच्या दुकानात. थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला छोटी. छोटी चोपन्न वर्षांची झाली तरी नाव तेच. शिवून झालेले कपडे माझ्यावर टांगलेले असायचे, गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीसकट. दोघींनी लग्न केलं नाही, भांडण मात्र रोज केलं. मग आईचं आजारपण आलं आणि लांबलं. तिला एकेक गोष्ट आठवेनाशी झाली. शेवटी ती छोटीलाच विचारायची, "तुम्ही कोणाच्या?"

आई गेली, दुकान बंद झालं. मशीन विकली गेली, टेबल गेलं, मला कोण घेणार? छोटीनं मला गुंडाळून पिशवीत टाकलं. "वर्षभर फिरायचं म्हणजे कपडे वाळवायला काहीतरी लागणारच," ती म्हणाली. अशी मी प्रवासाला निघाले.

प्रवास म्हणजे डोंगर आणि समुद्र, असं लोकांना वाटतं. मी तो ओल्या टॉवेलवरून ओळखते. नव्या खोलीत शिरलं की ताई आधी खिडकी उघडून बघायची आणि छोटी मला कुठे अडकवता येईल ते. कपाटाची मूठ ते खिडकीचा गज, पलंगाचा पाय ते दाराची कडी. मग बादली, साबण, आणि "चादर पिळताना तू नीट धरत नाहीस" ही तक्रार. गावं बदलली, तक्रार बदलली नाही. त्या दोघींना घरासारखं वाटायचं ते या तक्रारीमुळेच.

सातव्या महिन्यात आम्ही नदीकाठच्या एका गावात तिसऱ्या मजल्यावर उतरलो. तिथे काहीतरी बिनसलं. छोटीनं चिमटे मागावेत, तर ताईनं साबण द्यावा. हाक मारली तरी ताई वळायची नाही. एका दुपारी भेटायचं ठरलेल्या जागी ताई आलीच नाही. दोन तास शोधल्यावर ती बाजारात सापडली. "मी सांगितल्या ठिकाणीच उभी होते," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ताई न्हाणीघरात होती. छोटीनं चादर माझ्यावर टाकली आणि गावी राहणाऱ्या भावाला फोन लावला. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "आईचंही असंच सुरू झालं होतं रे."

भाऊ म्हणाला, "तिकिटं काढ. परत या."

छोटी ओले कपडे तसेच उतरवायला लागली. चिमटे टपाटप जमिनीवर पडत होते. ताई बाहेर आली ती चादरीच्या पलीकडे उभी राहिली.

"ताई, परत जाऊ या," छोटी म्हणाली.

"परवा? परवा कशाला, उद्याच जाऊ की."

छोटीचा हात थांबला. "मी काय म्हणाले?"

"परवा जाऊ म्हणालीस. त्या तळ्यावर."

"परवा नाही. परत."

"मग तसं बोल ना. हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतेस."

छोटीनं चादर बाजूला सारली. "आणि काल मी तुला कुठे थांबायला सांगितलं होतं?"

"फुलांजवळ. दोन तास उभी होते फुलवाल्यासमोर. शेवटी त्यानं स्टूल दिलं."

"पुलाजवळ गं ताई. पुलाजवळ म्हणाले होते मी."

छोटीनं चादरीची टोकं हातात गोळा केली. मग ताई हळूच म्हणाली, "तिथं बसल्या बसल्या मलाही वाटलं, की आईसारखंच माझं..." छोटीनं चादर पुन्हा माझ्यावर पसरली आणि उगाचच चार जास्त चिमटे लावले.

दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरकडे जाऊन आल्या. दारातूनच ताई म्हणाली, "हा नळ गळतोय. आल्यापासून असाच गळतोय का?"

"पाच दिवस," छोटी म्हणाली आणि पलंगावर बसून हसत सुटली. हसता हसता रडायला लागली. डॉक्टरांनी ताईचे दोन्ही कान धुतले होते. मग छोटीच्या समाधानासाठी ताईला आठवण तपासणारे पंचवीस प्रश्न विचारले होते, आणि ताईनं पंचविसांची उत्तरं देऊन वर डॉक्टरांच्या शर्टाची बाही तिरकी बसलीय हेही सांगितलं होतं.

"रडतेस काय? कानातून मळ निघाला, सोनं नाही," ताई म्हणाली. पण तिनं छोटीच्या पाठीवर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. त्या रात्री तिनं आणखी एक शोध लावला, की छोटी घोरते.

तिकिटं निघाली नाहीत. आता दहावा महिना चाललाय. माझा एक पदर उसवलाय, मध्ये गाठ पडलीय, पण ओल्या चादरीचं वजन अजून पेलते. माझं एकच मागणं आहे. आपल्या माणसाबद्दल जिवाला घोर लागला, तर फोन फिरवण्याआधी त्यालाच विचारा. जरा मोठ्यानं विचारा.

बरं, येते. छोटी आकडा सोडतेय, दुपारची गाडी गाठायचीय. ताईला एक मोजा सापडत नाहीये आणि दोघी भांडताहेत. म्हणजे सगळं ठीक आहे.