फरशीवरचा भोंगा

भोरच्या एसटी स्टँडमागे मतीनचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. २००५ साली त्यानं मार्गासनीजवळच्या ओढ्यावर एक यंत्र बसवलं. वर डोंगरात पाणी चढलं की यंत्रानं बिनतारी निरोप धाडायचा आणि खाली ओढा ओलांडायच्या बुटक्या पुलावरचा, म्हणजे फरशीवरचा भोंगा वाजायचा. सायकलवर दूध घालणारा गेनू रोज त्या फरशीवरनं जायचा. "लई झाक काम केलंत," तो मतीनला म्हणाला होता.

त्याच रेडिओ-लहरीवर आणखी तीन यंत्रं बोलत. एक पाऊस मोजणारं, एक पुण्याच्या साहेबांच्या बंगल्यातल्या टाकीचं, एक चिमाजीच्या पोल्ट्रीतल्या पंख्यांचं. दोन यंत्रं एकदम बोलली की कुणाचाच निरोप पोचत नसे. म्हणून मतीननं सगळ्यांना हॉटेलात बसवून पाळी ठरवली. दर चार मिनिटांत प्रत्येकाचं एक मिनिट.

महिनाभर सुरळीत चाललं. मग चिमाजीचं यंत्र मधेमधे बोलू लागलं. ते पाहून बंगलेवाल्यानं आपलं वाढवलं, मग पाऊसवाल्यांनीही. मतीन पोल्ट्रीवर गेला.

"चिमाजी, शब्द दिला होतात तुमी."

"व्हय, दिला. पर म्या एकट्यानं गप बसून काय हुनार? बाकीचे बसत्यात व्हय? पंखं बंद पडल्याचं कळलं न्हाई, तर कोंबड्या माज्याच मरनार."

 बाकी दोघांनीही तेच सांगितलं, आणि प्रत्येकाचं आपल्यापुरतं बरोबर होतं. तरी त्यानं स्वतःचं यंत्र पाळीवरच ठेवलं. एकानं तरी शब्द पाळला तर बाकीचे वळतील, असं त्याला वाटलं.

कुणी वळलं नाही. ऑगस्टात एका दुपारी पाणी चढलं. यंत्रानं आपल्या पाळीला पाच वेळा निरोप धाडला. बाकीच्यांच्या गलक्यात एकही पोचला नाही. भोंगा गप्प, म्हणून गेनू सायकल घेऊन फरशीवर उतरला. लोंढ्यानं त्याला नेलं; तो तिसऱ्या दिवशी सापडला.

त्यानंतर मतीननंही आपलं यंत्र अखंड बोलतं केलं. आता चारही यंत्रं दिवसभर ओरडत होती आणि कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. त्यानं पुन्हा बैठक बोलावली. हॉटेलात तो एकटाच चहा घेऊन उठला.

गेनूची बायको रतनबाई त्याला फरशीवर भेटली.

"मतीनभाऊ, ह्यो वाजंल का आता?"

त्याला खोटं बोलवलं नाही. "न्हाई, वैनी."

"मग काढून न्या. ह्याच्या भरवशावर आनी कुनी उतरायला नगं."

तिच्यासमोरच त्यानं पाना काढला. नट गंजले होते. ते सुटेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.