पहिल्या थरासाठी वड्या

“ह्यात काय काय घातलंस गो?” वडी तोंडाशी नेऊन सासूबाई थांबल्या.

“खजूर, बदाम, मनुका, मध. आणि ओट्स.”

“ओट म्हंजे?”

“धान्यच की एक प्रकारचं,” मी म्हणाले आणि जीभ चावली. श्रावणी सोमवार. बाईंचा कडक उपास. धान्याचा कण चालत नाही.

त्यांनी वडी गुपचूप ताटात परत ठेवली. चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी अर्धी रजा टाकून, मोबाइलवर बघून बघून ताटभर वड्या थापल्या होत्या, आणि म्हणे चालत नाहीत! डोकंच सणकलं माझं.

“मग सोडा उपास, आई! नाहीतर थर सोडा. दोन्ही कशाला हवं?”

“दोन्ही व्हया,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर खोचला.

आमच्या घोडपदेवच्या चाळीत बायकांचं गोविंदा पथक निघालं तेव्हापासून मालन, म्हणजे आमच्या सासूबाई, पहिल्या थरात उभ्या राहतात. दिवसभर दवाखान्यात आयाचं काम, संध्याकाळी सराव. वरच्या पोरींचे फोटो छापून येतात, खालच्यांची फार तर डोकी दिसतात. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. मागच्या सोमवारी मात्र उपाशीपोटी घेरी आली, गुडघा वाकला आणि वरचे सगळे थर खाली आले. गाद्या होत्या म्हणून निभावलं. पथकाला शिकवणाऱ्या अनुजाने स्पष्ट सांगितलं, “मावशी, पुढच्या सोमवारी परत असं झालं तर यंदा खुर्चीत बसायचं. पोरी पडतायत हो माझ्या.” तिचं तरी काय चुकलं? पण त्या रात्री सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या, उपास सोडायलाही उठल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं.

उपास माझ्या नवऱ्यासाठी. हितेंद्र लहानपणी तापाने फणफणला तेव्हा बोललेला. आता त्याची ढेरी सुटली, पण यांचा सोमवार काही सुटत नाही.

“त्या तुझ्या वड्या हितेंद्राक दी. तो काय पण खाता,” त्या म्हणाल्या. “आणि खालसून राजगिऱ्याच्यो लाह्यो घेऊन ये. राजगिरो चलता.”

मी पाय आपटत गेले आणि धावत परत आले. तोवर त्यांनी शेंगदाणे भाजून कुटले होते. खजुराच्या बिया काढून तो तुपावर मऊ केला. मी बदाम-अक्रोड चिरले आणि गावाहून आलेली मधाची बाटली कढईवर उपडी करायला गेले, तर माझ्या हातावर फटकाच बसला.

“आगीवर मध नाय ओतूचो! निवांदे आधी.”

निवेपर्यंत दोघी कढईकडे बघत बसलो. मग मध, लाह्या, मनुका सगळं एकत्र मळलं, ताटात थापलं, सुरीने वड्या पाडल्या. निघण्याआधी त्यांनी दोन वड्या नीट चावून खाल्ल्या, वर पाणी प्यायल्या.

“कशी झाली?” मी विचारलं.

“तुझ्यापेक्षा बरी,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. आठवडाभरात पहिल्यांदा.

सरावाला मी त्यांच्या मागेच असते. पहिल्या थराला पाठीमागून हातांचा टेकू द्यायचा, एवढंच माझं काम. शिट्टी वाजली. दुसरा थर चढला, तिसरा चढला, वर छोटी रुचा सरसर गेली. माझे तळवे सासूबाईंच्या पाठीवर. पाठ आधी भिंतीसारखी घट्ट होती. मग आतून थरथर सुरू झाली. घेरी नव्हती ती. कमरेपासून मानेपर्यंत सगळं अंग थरथरत होतं, आणि बाई हूं की चूं करीत नव्हत्या. ओरडावं तर वर पोरी. “आई, धरा, धरा,” मी नुसती पुटपुटत राहिले.

धरलं त्यांनी. रुचाने वर हात केला, थर एकेक करून उतरले, शेवटची पोर जमिनीवर आली तेव्हाच सासूबाईंनी शेजारणीच्या खांद्यावरचा हात काढला.

अनुजा धावत आली. “मावशी, मानलं! तुमची जागा पक्की.”

“जागा पक्कीच असा,” सासूबाई म्हणाल्या. “पण त्या जागेर आता ही उभी ऱ्हवतली.” आणि त्यांनी मला दंडाला धरून पुढे ओढलं.

“आई, असं काय? पडला नाहीत तुम्ही!”

“नाय पडलंय. म्हणान तर सांगतंय.” मग आवाज खाली करून म्हणाल्या, “तुझ्या हातांका कळला मां?”

मला खोटं बोलता आलं नाही. त्यांनी डबा उघडला आणि एकेका पोरीच्या हातावर वडी ठेवत पुढे निघून गेल्या. मला मात्र रडू आवरेना.

दहीहंडीच्या दिवशी लालबागच्या नाक्यावर मी पहिल्या थरात उभी राहिले. वरून पाणी, बाजूला ढोल, खांद्यावर कुणाचा तरी पाय. तेवढ्यात पाठीवर दोन तळवे टेकले. नुकत्याच वड्या वाटून आलेली बोटं, मधाने चिकट.

“वर बघू नको,” मागून आवाज आला. “दात चावन उभी ऱ्हव.”

मी उभी राहिले.