गाडी म्हणते एकतीस

"अहो, स्वेटर कशाला काढताय?"

"एकतीस आहे बाहेर." ह्यांनी समोरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. "एकतीसला कोणी स्वेटर घालतं का?"

मागच्या सीटवर बसलेल्या लेकीनं मोबाइलमधून मान वर केली. "मी मघापासून तेच सांगतेय. बाबा, तुम्ही आपले गार आहे, गार आहे करताय. समोर बघा ना."

गाडी मी चालवत होते, त्यामुळे मला जेमतेम एक नजर टाकता आली. ह्यांचा एक हात बाहीतून सुटला होता, दुसरा अडकला होता आणि सुटलेल्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत काटा उभा राहिला होता. अंगावर काटा आलेला माणूस उकडतंय म्हणून स्वेटर काढतो, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. ह्यांनी स्वेटर नीट घडी करून मांडीवर ठेवला, शाळेत बाईंनी सांगितल्यासारखा.

"राहू द्या की अंगावर," मी म्हटलं.

"नको. गाडी म्हणतेय तर असेल."

नेमकं हेच मला झोंबलं. आयुष्यभर ह्या माणसानं कुठल्या यंत्राचं ऐकलं नव्हतं. आमची बेकरी होती. भट्टीचा काटा आम्ही ती विकत घेतली तेव्हाच मोडका होता, आणि तो बदलू म्हटलं की हे हसायचे. भट्टीच्या तोंडाशी हात धरायचे आणि सांगायचे, आता लावा पाव, आता थांबा. असा माणूस आता एका पडद्यावरच्या आकड्यापुढे मान तुकवून कुडकुडत बसला होता.

खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं. दिवस धड थंडीचे नव्हते, धड उन्हाळ्याचे नव्हते. काचा बंद, वरून ऊन, गाडीत उबदार वाटायचं. आणि एकदा डोळ्यांना एकतीस दिसलं की अंगही त्याच्याच बाजूनं बोलायला लागतं. फक्त हे तेवढे काच बोटभर खाली करायचे, वारा घ्यायचे आणि म्हणायचे, गार आहे हं. मग आम्ही दोघी त्यांना आकडा दाखवायचो.

गाडी नवी कोरी होती. बेकरी चालवायला होत नाही म्हटल्यावर विकली आणि आयुष्यात पहिल्यांदा शोरूममधून गाडी घेतली. तोवर जुनी व्हॅनच होती, पावांच्या ट्रेंनी भरलेली, आणि ती आम्ही आळीपाळीनं चालवायचो. नवी गाडी आली त्या दिवशी ह्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "आता तूच चालव." मला काय भरून आलं! चार जणींना सांगत सुटले, आमच्या ह्यांचं मन किती मोठं. त्यांनी असं का म्हटलं असेल, हा प्रश्न तेव्हा मनात आला नाही. आला असेल तर मी त्याला दारातूनच परत पाठवला असेल.

त्या एकतीसच्या फेरीनंतर ह्यांना खोकला झाला. चांगला छाती भरून. लेक औषध घेऊन आली, त्यांना पाजलं, आणि मग मला स्वयंपाकघरात घेऊन तिनं दार ओढून घेतलं. ती दातांच्या दवाखान्यात काम करते, त्यामुळे सगळ्या डॉक्टरांची तिला माहिती.

"आई, चिडू नकोस. बाबांना एकदा दाखवून आणूया. मेंदूच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेऊन ठेवलीय मी."

"खोकल्याला मेंदूचे डॉक्टर?"

"खोकला का झाला पण? त्यांना ऊन-थंडी कळत नाहीये, आई. ऊन असताना थंडी वाजते, थंडी असताना उघडे फिरतात. परवा मला विचारलं, जावई कुठेत. दौऱ्यावर गेलेत म्हटलं. चहा संपायच्या आत परत तेच."

"माणूस विसरतो. मी नाही विसरत? चष्मा डोक्यावर असतो आणि मी घरभर शोधते."

"तू शोधतेस," लेक म्हणाली. "बाबा शोधायचं सोडून देतात."

माझा पारा चढला. खरं बोललेलं लागतं तेव्हा माझा पारा फार लवकर चढतो. "तुझ्या बाबांना थंडी कळत नाही? नुसता हात धरून भट्टी ओळखणारा माणूस तो. त्यांना काही झालेलं नाही. ती गाडीच खोटं बोलत असेल!"

"आई, नवी गाडी आहे."

"नवी म्हणजे काय सत्यवचनी झाली?"

भांडणात तोंडाला येईल ते बोलावं तसं मी बोलून गेले होते. पण बोलल्यावर तेच मला पटायला लागलं, आणि पटल्यावर मी ते घट्ट धरून ठेवलं. गाडी चुकत असेल तर हे बरोबर आहेत. गाडी बरोबर असेल तर… त्या पुढचं मला ऐकायचंच नव्हतं. मी लेकीला निक्षून सांगितलं, आधी गाडी दाखवते, मग तुझ्या डॉक्टरांचं बघू.

दुसऱ्या दिवशी बाजारातून भिंतीवर टांगायचा तापमापक आणला. गाडी फाटकाबाहेर झाडाच्या सावलीत लावली, इंजिन चालू ठेवलं आणि तापमापक शिवणाच्या दोऱ्यानं बाहेरच्या आरशाला बांधला. शेजारीण कपडे वाळत घालत होती, ती हातातला टॉवेल तसाच धरून बघत राहिली.

"काय हो, गाडीला ताप आलाय की काय?"

"तेच बघतेय," मी म्हटलं.

थोडा वेळ जाऊ दिला आणि वाकून पाहिलं. लाल रेघ विसाच्या जरा खाली. आत डोकावले तर पडदा म्हणत होता, एकतीस. मी पुन्हा बाहेर पाहिलं, पुन्हा आत पाहिलं. मग त्या वयात, त्या गुडघ्यांनी, फाटकापासून दारापर्यंत पळत गेले.

"अहो! तुमचंच बरोबर होतं! गार आहे बाहेर!"

हे खुर्चीत बसून मोज्यात पाय घालत होते. "मग मी काय म्हणत होतो?" म्हणाले. मला तेवढं पुरे होतं. मी त्यांना स्वेटर घातला, वरून मफलर गुंडाळला आणि दोघं सर्व्हिस सेंटरला निघालो.

तिथे काउंटरवरची मुलगी फार गोड बोलायची, आणि गोड बोलणाऱ्यांकडून काम करून घेणं सगळ्यात अवघड.

"मॅडम, सगळ्याच गाड्यांचं असं होतं. उभ्या गाडीत इंजिनाची गरमी लागते. चालू लागली की आकडा बरोबर येतो."

"चालवूनच आणलीय. येताना तीसच्या खाली उतरला नाही."

"दोन-चार अंशांचा फरक चालतो, मॅडम."

"दोन-चारचा फरक चालत असेल, दहा-बाराचा कसा चालेल? तुम्ही आम्हाला गाडी विकलीत की शेगडी?"

मुलगी हसली. पण मी हलत नाही म्हटल्यावर तिनं हात टेकले आणि आतून मेकॅनिकला बोलावलं. पन्नाशीचा, कमरेला फडकं खोचलेला माणूस. त्यानं आधी बॅटरी तपासली नाही की संगणक जोडला नाही. गाडीच्या तोंडासमोर उकिडवा बसला आणि विचारलं, "काकू, हे जादा दिवे कुठं बसवले?"

"नाक्यावरच्या दुकानात. मला संध्याकाळचं कमी दिसतं म्हणून."

"तरीच," तो म्हणाला. बंपरच्या आत त्यानं कोपरापर्यंत हात घातला, चाचपडला आणि वायरीला लोंबणारी एक चीज ओढून बाहेर दाखवली. शेंगदाण्याएवढी, काळी. "हा बाहेरच्या हवेचा सेन्सर. हा पुढं, वाऱ्यात बसतो. दिवे लावणाऱ्याला आड आला असेल, त्यानं क्लिपमधून काढला आणि परत बसवला नाही. घसरून रेडिएटरला टेकलाय. गाडी तापली की हा पण तापतो."

"म्हणजे बाहेर थंड होतं, आणि हा आपला…"

"हा बिचारा इंजिनाचा ताप सांगत होता."

मी त्या शेंगदाण्याकडे बघत राहिले. एवढ्याशा गोष्टीवरून माझ्या नवऱ्याला वेड्यात काढलं होतं सगळ्यांनी, आणि त्या सगळ्यांत मीही होते. मेकॅनिकनं सेन्सर जागच्या जागी खटकन बसवला. आता मला साक्षीदार हवा होता. मी त्याला जवळजवळ हाताला धरूनच हे बसले होते तिथं नेलं. कागदी कपातला चहा कधीच गार झाला होता, हे तो दोन्ही हातांत धरून समोरची भिंत बघत होते.

"ह्यांना सांगा," मी म्हटलं.

मेकॅनिक भला माणूस. "काका, तुमचंच बरोबर होतं बरं का. चूक गाडीची होती."

हे हसले. "हो का? छान, छान." मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "कसली चूक?"

"थंडीची हो. गाडी एकतीस दाखवत होती ना?"

"हां, हां." हे परत हसले. ते हसू मी ओळखत होते. बेकरीत एखादं ओळखीचं गिऱ्हाईक आलं आणि ते कोण हे आठवलं नाही की हे असंच हसायचे, आणि जास्तच आपुलकीनं चौकशी करायचे. आत्ताही त्यांनी मेकॅनिकला विचारलं, "घरी सगळे बरे ना?"

मी त्यांच्या हातातला कप घेतला आणि टाकून आले. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून लगेच लेकीला फोन लावला. "ऐकलंस? गाडीच चुकत होती. सेन्सर निघाला होता. मेकॅनिकनं स्वतः सांगितलं, बाबांचं बरोबर म्हणून."

"बरं झालं, आई," ती म्हणाली. सोमवारच्या डॉक्टरांचा विषय तिनं काढला नाही. मीही काढला नाही.

निघताना मेकॅनिकनं काचेतून सांगितलं, "आकडा एकदम उतरणार नाही, काकू. चालवत राहा, हळूहळू खाली येईल."

आणि खरंच तसा तो उतरत गेला. संध्याकाळ झाली होती, रस्त्यावर माणसं कान झाकून चालली होती. सत्तावीस. चौक ओलांडला, चोवीस. मला इतकं बरं वाटत होतं की मी मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. "बघा, बावीस झाले. बघा, वीस." हे दर वेळी मान डोलवत होते. पुलावर वारा लागला आणि आकडा सतरावर येऊन थांबला. सतरा! अगदी खरे, तपासलेले सतरा. आता हे म्हणतील गार आहे, आणि मी म्हणेन, आहेच मुळी.

ह्यांनी मफलर सोडला. मग स्वेटर डोक्यावरून ओढून काढला. शर्टाची वरची दोन बटणं उघडली आणि मफलरनंच वारा घेत म्हणाले, "किती उकडतंय गं. जीव नकोसा झालाय."

माझी नजर पडद्यावर गेली. सतरा. ह्या वेळी त्याला खोटं पाडायला माझ्याकडे काही नव्हतं. ज्या आकड्यासाठी मी सर्व्हिस सेंटरला भांडले होते, तोच आता माझ्याविरुद्ध उभा होता. रडावंसं वाटलं, पण पुलावर गाडी चालवताना रडता येत नाही.

"अहो, सतरा आहे," एवढं म्हणणं काही कठीण नव्हतं. इतके दिवस तेच तर करत होतो आम्ही, बोट दाखवायचं आणि त्यांना गप्प करायचं. ह्यांनी लगेच ऐकलं असतं. स्वेटर परत चढवला असता आणि हातांची घडी घालून बसले असते.

मी बटण दाबून चारही काचा पूर्ण खाली केल्या. वारा असा आत आला की माझे दात वाजले.

"आता?" मी विचारलं.

"हां, आता कसं बरं वाटतं!" ह्यांनी डोळे मिटून तोंड वाऱ्याकडे केलं. "तुला नव्हतं होत गरम?"

"होत होतं की. मघापासून."

पुढच्या सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस बंद काचेआडून आमच्याकडे बघत राहिला. ह्यांनी त्याला मोठ्या ऐटीत हात केला. मग मीही केला. सिग्नल सुटला तसा मी खोकल्याचा विचार करून काचा अर्ध्यावर घेतल्या, ह्यांना कळणार नाही अशा हळूहळू.

घराजवळ आल्यावर मी म्हटलं, "अहो, सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय."

"कोणाला काय झालं?"

"मला. जरा दाखवून घेते. लेकीनं वेळ घेतलीय."

ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, नीट, आधी पाहायचे तसं. माझ्या गिअरवरच्या हातावर त्यांनी हात ठेवला. तो गरम होता.

"एकटी जाऊ नकोस," म्हणाले. "मी येतो बरोबर. काही होत नाही, घाबरायचं नाही. मी आहे ना."

"बरं," मी म्हटलं, आणि गाडी आमच्या गल्लीत वळवली.