हातभर ताणा

मुबारकबीचा माग कधी रिकामा होत नसे. लुगडे विणून उतरले, तरी उभ्या धाग्यांचा हातभर ताणा मागावर राखायचा आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्याच्या टोकांना गाठायचा, ही तिच्या सासूची शिस्त. सासूच्या सासूने ओवलेला माग असा गाठीगाठींनी तिच्यापर्यंत चालत आला होता. बेलापुरात ज्या विणकराने माग रिकामा होऊ दिला, त्याच्या घरचे पानही ती तोंडात घालीत नसे.

जपानी कापडाने बाजार बुडवला, तेव्हा विणकरांच्या सभेला निघालेल्या मुलाला, नूरमहंमदला, तिने उंबऱ्यातच अडवले होते.

"नुसतं कापड म्हणू नकोस. जपानची चिंधीसुद्धा नको, म्हणावं. सरकार त्यांच्याशी बोलणी करतंय ना? मग नीट करा!"

सभेने दिल्लीला तसेच कळवले. बोलणी रखडली, वर्ष उलटले. एक्केचाळीसच्या श्रावणात सूतवाला आसारामशेठ आला, तो सुती लडी तेवढ्या घेऊन.

"काठाचं रेशीम कुठाय?"

"न्हाई, चाची. आता येनारबी न्हाई. बोलनी मोडली. जपानचं समदं बंद."

"उत्तम झालं! पण माझं रेशीम मुंबईचं आहे."

"मुंबईला ते बोटीतनं उतरायचं. नकली रेशीम ते. जपानचंच."

मुबारकबीने हातातला अडकित्ता खाली ठेवला. "आणि इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"तुमी इचारलं कुठं? तुमच्यापुढं आपनहून तोंड उघडायची कोनाची छाती?"

तो गेल्यावर तिने नूरमहंमदला फर्मावले, "दिल्लीला जा. म्हणावं, कापड अडवा, रेशीम सोडा."

"कोणाला म्हणू, अम्मा?"

"जो बसला असेल त्याला!"

"तो आपलं ऐकून बसला नव्हता. आपलं ऐकून उठणारही नाही."

मग घरच्या मागावरची रेशमी टोके तशीच ठेवून तिने शेजाऱ्याच्या मागावर सुती काठाचे लुगडे विणवले आणि स्वतः राहात्याच्या बाजारात घेऊन बसली. बायांनी काठ चाचपला. "चकाकत न्हाई की वो चाची. असलं गिरणीचं स्वस्तात मिळतंय." एरवी अशा बाईला तिने बोलून पळवले असते. त्या दिवशी तिने लुगड्याची घडी घातली.

दिवाळीनंतर आसारामशेठ दुसरे काम घेऊन आला. पलटणीच्या जखमी शिपायांना बांधायच्या पट्ट्यांचे कापड.

"जाळीवानी इरळ इन लागती. फनी बदला, तिच्यात ओवलेला हा ताना कापून काडा. उद्यापर्यंत सांगा, न्हाईतर संगमनेरवाले टपूनच हायेत."

तो गेला. स्वयंपाकघरात सुना भाकरीचे तुकडे मुलांपुढे करीत होत्या. स्वतःपुढे त्यांनी काही घेतले नव्हते, हे मुबारकबीला दिसत होते.

नूरमहंमद कात्री घेऊन मागाच्या खड्ड्यात उतरला. हातभर ताणा फणीतून लोंबत होता. काठाच्या जागी जपानी रेशमाची लाल टोके अजून चकाकत होती.

"अम्मा?"

ती त्या लाल टोकांकडे पाहत राहिली. नको म्हणावे, तर उद्या चुलीत काय घालायचे? काप म्हणावे, तर मेल्यावर सासूला कोणते तोंड दाखवायचे? तो बराच वेळ कात्री धरून तिच्या हुकमाची वाट पाहत राहिला.

मग त्याने वाट पाहणे सोडले आणि कात्री ताण्याला लावली.