झुडपाभोवतीची काठी

वाक्प्रचार म्हणजे पुराव्याशिवाय मान्य करून टाकलेला सिद्धान्त, असे माझे मत होते. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' हे उदाहरण घ्या. शहापूर तालुक्यात वर्षाला शंभर इंच पाऊस पडतो. मांजर पडल्याची नोंद नाही.

मी शहापूरच्या हायस्कुलात पदार्थविज्ञान आणि रसायन शिकवीत असे. इंग्रजीचे शिक्षक १९५८च्या दिवाळीत बदलून कल्याणला गेले आणि त्यांच्या जागी कोणी आले नाही. म्हणून चांगो माझ्याकडे आला.

चांगो आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई. डोळखांबकडच्या एका ठाकूरपाड्यातला, त्या पाड्यातला पहिला मॅट्रिक. वर्षभरात त्याच्या हातून एकच परीक्षानळी फुटली होती, आणि तीही मी टेबलाच्या अगदी कडेला ठेवली होती म्हणून. सरकारी कारकुनाच्या परीक्षेत तो एकदा इंग्रजीत दोन गुणांनी नापास झाला होता. येत्या जूनमध्ये त्याचे वय मर्यादेबाहेर जाणार होते. म्हणजे मार्चची परीक्षा शेवटची.

"गुर्जी, दोन मार्कांचं भोक हाय," तो म्हणाला, "आन ते कुठं हाय ते मला ठावं हाय."

त्याने कल्याणहून आणलेले पिवळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक उघडले. डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार, उजवीकडे मराठी अर्थ, एकूण तीनशे. त्याचे बोट 'बीट अबाउट द बुश'वर थांबले. शब्दशः, झुडपाभोवती काठी आपटणे.

"पेपरात तू काय लिहिलंस?"

"काम नेटानं आन रीतसर करनं."

"पुस्तकात तर 'मुद्द्याचं सोडून भलतंच बोलत राहणं' असं दिलंय."

"ते पाठ हाय. पन पेपरात हात लिवत नाय, गुर्जी. झुडपाभवती काठी कशी आपटायची ते मला बापानं शिकवलंय. त्यात भलतं काय हाय?"

दोन प्रतिपादने परस्परविरोधी होती. एकाच्या बाजूला छापील पुस्तक होते, दुसऱ्याच्या बाजूला अनुभव. अशा वेळी प्रत्यक्ष पाहणे हा एकच मार्ग मला ठाऊक आहे.

जानेवारीतल्या एका रविवारी मी त्याच्या पाड्यावर गेलो. रानडुकरे वालाच्या शेतात घुसून वेल उपटीत होती, आणि त्या दिवशी रान उठवायचे, म्हणजे हाका घालून त्यांना जाळीतून बंदुकीपुढे काढायचे, ठरले होते. चांगोची बायको ठकू हिने मला पाणी दिले आणि विचारले, "गुर्जी, परीक्षा यांची हाय का डुकराची?"

"डुकराची आज," चांगो म्हणाला. "तो पास झाला तर मी नापास."

गावात परवान्याची बंदूक एकच, कोंडू पाटलांची. पाटील चहाची बाटली घेऊन मचाणावर चढले. आम्ही अठरा जण खाली. माझ्या हातात रॉकेलचा रिकामा डबा देण्यात आला.

समोर कारवीची दाट जाळी होती. आत कोणीही शिरले नाही. चांगोने आम्हांला वारा पाठीवर घेऊन उभे केले आणि मचाणाकडची बाजू मोकळी सोडली. दोन फटके कडेला, मग थांबणे, मग कान देणे. पुन्हा दोन फटके, एक पाऊल पुढे. मी एकदा उत्साहाने डबा जोरात बडवला, तेव्हा तो हळूच म्हणाला, "गुर्जी, भांडन नाय करायचं. सांगायचं फकस्त, का आमी हितं हाव."

माझ्या घड्याळाप्रमाणे एक्केचाळीस मिनिटांनी, त्याने सांगितलेल्या दोन दगडांच्या मधूनच, डुक्कर बाहेर आले. बार झाला. पाटील खाली उतरले आणि मला म्हणाले, "बघितलंत ना मास्तर, कसा टिपला!"

परतताना मी चांगोला विचारले, "पाटलांना किती वेळ लागला?"

"बार काढायला? निमिषभर."

"मग हा वाक्प्रचार केला कोणी असेल?"

तो चार पावले चालला आणि थांबला. "मचानावरच्यानं!"

"कशावरून?"

"त्याला वाटतं, बार म्हंजे काम. आमी खाली करतो ते नुसतं आपटनं, टाइम काढनं." तो इतका हसला की खांद्यावरचा मांसाचा वाटा त्याला खाली ठेवावा लागला. "आता हात लिवंल, गुर्जी."

काटेकोरपणे बोलायचे तर हे केवळ गृहीतक होते. उगमाचा पुरावा माझ्यापाशी नव्हता, आजही नाही. पण उपकरण चालत होते. उरलेले पुस्तक आम्ही त्याच रीतीने संपवले: हे बोलणारा बसला कुठे होता? 'मेक हे व्हाइल द सन शाइन्स', ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या, यावर चांगो लगेच म्हणाला, "हा आपल्यातलाच, गवत कापनारा." तोंडात चांदीचा चमचा घेऊन जन्मणे, हे ठकूने सोडवले. "शेजारीन बोलली आसंल," ती म्हणाली.

मार्चमध्ये चांगो ठाण्याला परीक्षा देऊन आला. तोच वाक्प्रचार पुन्हा आला होता. योगायोगाला मी योगायोगच म्हणतो.

"अर्थ?"

"पुस्तकातला."

"आणि वाक्य?"

तो सावधान उभा राहिला आणि इंग्रजीत म्हणाला, "द पाटील आस्क्ड हू गॉट द बोअर, अँड आय बीट अबाउट द बुश."

डुक्कर कोणी मिळवले असे पाटलांनी विचारले. पुस्तकाप्रमाणे, याने उत्तर टाळले. पाड्याप्रमाणे, याने उत्तरच दिले. मी वाक्य दोन्ही बाजूंनी तपासले. चूक सापडली नाही.

मे महिन्यात निकाल लागला. चांगो उत्तीर्ण झाला आणि त्याची नेमणूक मुरबाडच्या कचेरीत झाली. एस.टी.च्या थांब्यावर त्याला निरोप द्यायला कोंडू पाटीलही आले होते. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"अखेर नेम बसला म्हणायचा, चांगो!"

"हो पाटील," चांगो अदबीने म्हणाला आणि त्याने माझ्याकडे पाहिले. "रान बेस उठवलं होतं."