चौथ्या मजल्याचा नकाशा

तुमच्या शाळेत असतो तसा साधा संगणक मी नव्हे, मित्रांनो. मी नकाशे काढण्यासाठी बांधलेला, जाडजूड अंगाचा आणि आता बराच जुना झालेला संगणक आहे. माझे वजन अठरा किलो आहे. डाव्या कुशीला एक पोचा आहे. मागच्या जाळीत निळसर धूळ बसली आहे, ती कितीही पुसली तरी निघत नाही. ती पाटीच्या दगडाची धूळ आहे. ब्रिटनमधल्या वेल्सच्या उत्तर भागात ब्लाएनगार्न नावाचे आमचे गाव आहे आणि तिथल्या डोंगरातून शंभराहून अधिक वर्षे हा दगड निघाला. गावाची छपरे त्याची, पायऱ्या त्याच्या, थडगीसुद्धा त्याचीच. डोंगर मात्र आतून पोकळ झाला.

कारखान्यातले माझे दिवस मला आठवत नाहीत. आठवते ती चॅपलच्या, म्हणजे गावाच्या प्रार्थनाघराच्या, मागची छोटी खोली आणि माझ्यावरचे खोके कापणारे टेगवेन प्रॉसरबाईंचे हात. टेगवेनबाई सतराव्या वर्षी खाणीच्या नकाशाघरात कामाला लागल्या होत्या. खाण बंद पडली तेव्हा कंपनीची माणसे जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या कचऱ्याच्या गाडीत भरू लागली. बाईंनी एकचाकी हातगाडी आणली आणि तीनशे चाळीस गुंडाळ्या चॅपलमध्ये ओढून नेल्या. तेव्हापासून गावात त्यांना ‘नकाशेवाली टेगवेन’ म्हणतात. गुंडाळ्यांचे कागद एकमेकांना जुळवून, डोंगराच्या पोटातला प्रत्येक मजला वरच्या गावाखाली नेमका बसवायचा, हे काम त्यांनी हाती घेतले. त्या कामासाठी मी आलो.

सुरुवातीला माझ्या पोटात एकच डिस्क होती. तिच्यावर सगळे काम साठत होते. दुसऱ्या हिवाळ्यात ती टकटक करू लागली. मला ते जाणवत होते, पण मला बोलता येत नव्हते. एका सकाळी ती थांबली ती थांबलीच. दुसऱ्या मजल्याचे चार महिन्यांचे काम गेले. बाई बराच वेळ माझ्या काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. कपातला चहा तसाच गार झाला. मग त्या उठल्या, कोट काढून खुंटीला लावला आणि पहिली गुंडाळी पुन्हा उलगडली. त्या दिवशी मला कळले की मी कोणाच्या हाताखाली काम करतो आहे.

त्यानंतर बाईंनी एकसारख्या दोन डिस्क मागवल्या. एकीवर जे लिहिले जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले जाईल, जणू आरशात पडलेले रूप, अशी ती जोडी करायची होती. हे काम बाईंनी पूर्वी कधी केले नव्हते. त्यांनी माहितीपुस्तक छापून घेतले आणि एकेका ओळीवर पेन्सिलीने खूण करत गेल्या. आधी होते नव्हते ते सगळे काम एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतले. मग माझ्या मूळ मांडणीच्या पडद्यावर जाऊन दोन्ही डिस्क निवडल्या. ‘दोन्हींवरचे सर्व काही पुसले जाईल’ अशी ताकीद मी दाखवली. बाईंनी ती तीन वेळा वाचली आणि मगच होकार दिला.

हे चालू असताना इदवल रीसकाका बाकावर बसले होते. वय वर्षे ब्याऐंशी. खाणीत ते मांडीला साखळी गुंडाळून कड्यावर लोंबकळत सुरुंगाची भोके पाडायचे, म्हणून त्यांचे नाव ‘साखळीवाला इदवल’. गावात आणखी दोन इदवल आहेत, त्यामुळे नाव लागतेच. काकांना माझा भारी राग. एक नकाशा सांभाळता येत नाही म्हणून दोन करतेस काय, असे त्यांनी बाईंना चिडवले.

“तुमची साखळी वर कशाला अडकवायचात, काका?” बाईंनी मान वर न करता विचारले.

“पहारीला.”

“किती पहारींना?”

काकांनी टोपी मागे सरकवली. “दोन,” ते म्हणाले. “एकीचा भरवसा फक्त गाढव धरतं.”

जोडी तयार झाली, काम परत भरले गेले आणि मग बाईंनी जे केले त्याने मी हादरलो. मला बंद करून त्यांनी एका डिस्कची केबल मुद्दाम उपसली आणि मला पुन्हा सुरू केले. एक डिस्क हरवली असे मी पडद्यावर सांगितले, आणि तरीही उघडलो. सगळे नकाशे जागच्या जागी होते. बाईंनी मान डोलावली, केबल परत लावली आणि दोन्ही डिस्क पुन्हा एकसारख्या होईपर्यंत खुर्ची सोडली नाही. संकट यायच्या आधीच त्याची तालीम करून ठेवणारी माणसे थोडी असतात, मित्रांनो.

पण आरशाची एक खोड असते. तुम्ही चुकून काही पुसले तर ते दोन्हीकडे पुसले जाते. म्हणून महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाई तिसरी प्रत काढून पलीकडच्या खोऱ्यात बहिणीकडे नेऊन ठेवू लागल्या.

आता पासवर्डाची गोष्ट. आमच्या खोलीला कुलूप असे नावालाच. गुरुवारी गायकमंडळींची तालीम, रविवारी मुलांचा वर्ग, मधूनच कोणी खुर्च्या न्यायला येई. एकदा गायकांपैकी कोणाच्या तरी पाहुण्याने वेळ घालवायला माझ्यात आपली खिशातली छोटी साठवणकांडी खुपसली आणि तिच्यावरून मला भलत्याच पद्धतीने सुरू केले. माझी डिस्क पुसून नवी मांडणी करू का, असे पडद्यावर विचारलेही गेले. बाई तेवढ्यात आत आल्या म्हणून वाचलो. त्यांनी कांडी उपसून पाहुण्याच्या हातात ठेवली. मग दार उघडून धरले.

त्याच दिवशी माझ्या मुळालाच पासवर्ड बसला. मला सुरू केल्यावर डिस्क जाग्या होण्याआधी एक छोटी चिप जागी होते. आता ती आधी पासवर्ड विचारणार होती. तो दिल्याशिवाय मी सुरूच होणार नव्हतो. माझी मांडणी बदलायची तर दुसरा, वेगळा पासवर्ड. बाहेरच्या कांडीवरून सुरू होणेही त्यांनी बंद करून टाकले. बाईंनी पासवर्डात फक्त अक्षरे आणि आकडे घेतले, कारण त्या पहिल्या पडद्यावर कळफलकाची बाकीची चिन्हे जागा बदलतात. शून्याला आडवी रेघ मारून त्यांनी तो स्वच्छ अक्षरात कागदावर लिहिला. कागद पाकिटात घातला, पाकीट डिंकाने बंद केले आणि ते इदवलकाकांच्या हातात दिले.

“मला कशाला देतेस? मला त्याचं बटणसुद्धा ठाऊक नाही.”

“म्हणूनच देते. तुम्ही उगीच उघडणार नाही. आणि मी नसले तर कोणाकडे तरी हवा.”

काकांनी पाकीट टोपीच्या अस्तरात ठेवले आणि ते कोणाला दाखवणार नाही असा शब्द दिला.

काही वर्षे गेली. तिन्ही वरचे मजले पूर्ण झाले. चौथा सगळ्यात खोल आणि सगळ्यात गुंतागुंतीचा. तो जुळवायला बाईंना सव्वा वर्ष लागले. तो ऑक्टोबरात पूर्ण झाला. जिल्हा कचेरीला त्यांनी पत्र पाठवले, पण कचेरीत अजून तीन मजल्यांचाच जुना नकाशा होता. बाईंचे खुब्याचे हाड झिजले होते. शस्त्रक्रियेची तारीख आली. निघण्यापूर्वी त्यांनी तिसरी प्रत बहिणीकडे पोचवली आणि माझ्यावर कापड घातले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी, मंगळवारी सकाळी, शाळेच्या मागच्या अंगणात जमीन खचली. दोन आठवड्यांचा पाऊस डोंगरात मुरला होता. खड्डा फार मोठा नव्हता, एखादी मोटार मावेल एवढा. पण त्याचा तळ दिसत नव्हता. मुख्याध्यापिकांनी आगीच्या वेळचा नियम पाळला आणि त्रेसष्ट मुलांना रांगेने खालच्या खेळाच्या मैदानावर नेऊन उभे केले. जिल्हा कचेरीच्या अभियंता मेलेरी वॉन तासाभरात पोचल्या. त्यांच्याजवळच्या नकाशात शाळेखाली काहीच नव्हते. टेगवेनबाई शस्त्रक्रियेच्या टेबलावर होत्या. बहिणीच्या खोऱ्याचा रस्ता पाण्याखाली होता. उरलो मी.

मेलेरीबाईंनी कापड काढले आणि बटण दाबले. चिप जागी झाली आणि तिने पासवर्ड विचारला. त्या पाच मिनिटांइतका असहाय मी कधी झालो नाही, मित्रांनो. सगळे माझ्या पोटात होते आणि तोंड उघडायची मला परवानगी नव्हती.

पाकीट इदवलकाकांकडे आहे हे ठाऊक असलेल्या कोणीतरी त्यांना बोलावून आणले. काका आले, टोपी काढली, अस्तर उसवले. मेलेरीबाईंनी पाकिटासाठी हात पुढे केला.

“नाही,” काका म्हणाले. “हा कागद कोणाला दाखवणार नाही असं मी कबूल केलंय.”

“काका, मुलं बाहेर उभी आहेत.”

“ठाऊक आहे मला. त्यात माझी पणतीही आहे. तोंड फिरव, मीच टाकतो.”

मेलेरीबाईंनी तोंड फिरवले. काकांच्या उजव्या तर्जनीचे पेर सुरुंगात गेले होते. ते मधल्या बोटाने एकेक कळ शोधत होते. पहिल्या वेळी चुकले. दुसऱ्या वेळीही चुकले. तिसऱ्यांदा चुकले असते तर चिपने मला गोठवले असते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले असते. मेलेरीबाईंनी भिंतीकडे बघत विचारले, की सगळ्यात डावीकडे, मोठ्या अक्षरांच्या कळेजवळ दिवा लागला आहे का. लागला होता. काकांनी तो घालवला, चष्मा सदऱ्याला पुसला आणि पुन्हा सुरुवात केली.

चिपने वाट मोकळी केली. पण पुढचा घाव मलाच बसला. माझी पहिली डिस्क उठेना. दोन आठवड्यांच्या गार, ओल्या हवेत ती निकामी झाली होती. ‘जोडीतली एक डिस्क गेली आहे. पुढे जाऊ का?’ असे मी पडद्यावर विचारले. मेलेरीबाईंचा हात थबकला. पुढे गेल्याने उरलेलेही जाईल अशी त्यांना भीती वाटली.

“तिने दोन ठेवल्यात,” काका म्हणाले. “मग दुसरीला विचार.”

मेलेरीबाईंनी होकाराची कळ दाबली. मी ठरवले, आता थांबायचे नाही. दुसऱ्या डिस्कने एकेक पान वर दिले. पहिला मजला आला, दुसरा, तिसरा, आणि मग चौथा. मेलेरीबाईंनी तो गावाच्या नकाशाखाली सरकवला. शाळेच्या अंगणाखाली एका दालनाचे फक्त टोक होते. दालन तिथून दक्षिणेकडे रुंद होत गेले होते आणि त्याचे पोट नेमके खेळाच्या मैदानाखाली होते.

काका पडद्याजवळ वाकले. “एकवीस नंबर,” ते हळू म्हणाले. “हे मीच पोखरलंय. पण वर काय आहे ते आम्हाला खाली कुठं ठाऊक असायचं?”

मेलेरीबाई तोपर्यंत फोनवर होत्या. त्या ओरडल्या नाहीत. मुलांना एकेरी रांगेत, पळू न देता, वरच्या रस्त्याने चॅपलमध्ये आणा, एवढेच त्यांनी मुख्याध्यापिकांना दोनदा सांगितले. दहा मिनिटांत भिजलेले कोट आणि चिखलाचे बूट खोलीत शिरले. मुख्याध्यापिकांनी दारात उभे राहून मोजले. त्रेसष्ट. कोणीतरी चहाचे मोठे भांडे ठेवले, मुलांना फळांच्या ब्रेडचे काप वाटले. दुपारी सव्वादोनला मैदानाचा दक्षिण कोपरा फुटबॉलच्या गोलच्या खांबांसकट आत गेला. आवाज चॅपलपर्यंत आला. काकांनी पणतीला मांडीवर घेतले होते.

टेगवेनबाई पाच आठवड्यांनी काठी टेकत आल्या. त्यांना सगळे फोनवर कळले होते. त्यांनी आधी माझी मेलेली डिस्क काढली, तिच्यावर तारीख लिहिली आणि नवी बसवली. वाचलेल्या डिस्कवरून नवीवर सगळे उतरायला अकरा तास लागले. ते अकरा तास माझ्याजवळ एकच धड डिस्क होती. ती दमली होती, तापली होती, पण मी पंखा पूर्ण जोरात फिरवत ठेवला आणि एकही पान सुटू दिले नाही. काम संपल्यावर बाईंनी पासवर्ड बदलला आणि नवे पाकीट काकांना दिले. काकांनी या वेळी तक्रार केली नाही. फक्त, अक्षरे जरा मोठी काढत जा, म्हणाले.

त्या वसंतात जिल्हा कचेरीने चारही मजले आपल्या नकाशात घेतले. शाळा वरच्या, भरीव जमिनीवर हलली. मग बाईंसाठी नवा संगणक आला. तो माझ्या चौथ्या हिश्शाएवढा आहे आणि वेग दसपट. मला कोपऱ्यात ठेवले गेले. माझ्या आतल्या मुख्य सर्किटपट्टीवरची बारीक बॅटरी संपली तेव्हा माझे घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षात जाऊन बसले आणि बराच काळ कोणाच्या ते लक्षातही आले नाही. वाईट वाटले. खोटे कशाला बोलू?

आता मी नव्या शाळेच्या वाचनालयात आहे. नवी बॅटरी आहे, दोन्ही डिस्क जाग्या आहेत, पासवर्ड शिक्षिकांकडे आहे. परवा एक मुलगी आली. तिने आपल्या घराचा नंबर टाकला आणि घराखाली काय आहे ते विचारले. मी चारही मजले उघडून दाखवले. तिच्या घराखाली काहीच नव्हते, नुसता अखंड दगड होता. “बरं,” ती म्हणाली आणि खेळायला गेली.

मित्रांनो, मी यंत्र आहे. यंत्र एक दिवस थांबतेच, आणि कधी थांबणार ते सांगून थांबत नाही. म्हणून माझे एवढे ऐका. तुमच्या आजीचा आवाज, गावाचा नकाशा, कोणाचे तरी वर्षभराचे काम, असे जे एकदाच मिळते ते एकाच ठिकाणी ठेवू नका. त्याला कुलूप लावा, पण किल्ली एकट्याच्या डोक्यात ठेवू नका. आणि सगळे सुरळीत चालू असते त्याच दिवशी एक केबल उपसून बघा. उद्या करू म्हणू नका. आज घरी गेल्यावर करा.